पौषातली जुई

जुई पौषात फुलत नाही. थंडी जेमतेम पडते अशा सुरतेतही नाही. तिचा बहर पावसाळ्यातला. दसऱ्यापर्यंत तुरळक फुलं येत राहतात आणि दिवाळीनंतर वेल नुसती पानांवर उभी असते. त्या वर्षी आमच्या दारातली जुई पौषाच्या दुसऱ्या आठवड्यात फुलली आणि फुलतच राहिली. त्या फुलांमुळे आमच्या घरातल्या एका बाईचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आमचं घर सुरतेच्या भेस्तान भागात एका सोसायटीत आहे. खाली दोन खोल्या, वर एक, त्यावर गच्ची. घरात तेव्हा तिघी होतो. आई होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशन ती 'थंडी सरू दे' म्हणत दोन हिवाळे पुढे ढकलत आली होती. वहिनी होती, ती साड्यांच्या घडी आणि पॅकिंगच्या कामाला जायची. आणि मी. मी एका मराठी वर्तमानपत्राच्या कचेरीत डेस्कवर काम करते. दुपारी तीनला निघते, सगळे झोपल्यावर परत येते. सुट्टी मंगळवारची. माझं लग्न लवकर झालं आणि लवकर संपलं, त्याचा इथे संबंध नाही.

मोठा भाऊ सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका लूम्सच्या कारखान्यात कारागीर होता. आम्ही मूळचे परभणीकडचे. तो आधी सुरतेला आला, मग त्याने आम्हाला आणलं. त्या पौषात त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. पाळी संपवून घरी येताना छातीत दुखतंय म्हणून तो रिक्षात बसला. दवाखान्याच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा त्याला दोघांनी उचलून उतरवलं. वय एक्केचाळीस. मूल नव्हतं.

जुई त्यानेच लावली होती. कारखान्यातल्या एका सोबत्याच्या घरून दाब कलम आणलं, दाराशेजारची फरशी फोडून हातभर खड्डा केला, त्यात शेणखत भरलं. वेल आपणहून फार वर जात नाही, तिला आधार द्यावा लागतो, बांधावं लागतं. दर रविवारी दिवे लागायच्या सुमाराला तो नवे फुटवे बांधायचा. सुतळी एका पावसात कुजते. त्याच्याकडे दुसरी एक गोष्ट हवी तितकी होती, ती म्हणजे बॉबिनवर उरलेला पॉलिस्टरचा धागा. हा धागा कुजत नाही, तुटत नाही, उन्हाने विटतसुद्धा नाही. तो चौपदरी करून भाऊ त्याने वेल बांधायचा. दर हिवाळ्यात छाटणी करायचा, पाणी तोडायचा, उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा खत घालायचा. छाटणीत जुन्या फांद्या जायच्या आणि त्यांच्यावरचे धागेही जायचे. तो गेल्यावर दोन हिवाळे छाटणी झाली नाही. त्याच्या हाताने वाढलेल्या वेलीला कात्री लावायला कुणी पुढे झालं नाही.

त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं नव्हती. ती लूमच्या पट्ट्यात गेली होती. लूमवर ताण्याचा, म्हणजे उभा धागा तुटला की मशीन थांबवून तो सांधतात. ती गाठ अंगठा आणि तर्जनीत धरून मारायची असते आणि तिची टोकं अगदी आखूड ठेवायची असतात, नाहीतर ती फणीत अडकतात आणि कापड बिघडतं. बोट गेल्यावर भाऊ तीच गाठ अंगठा आणि मधल्या बोटात धरून मारायला शिकला. गाठ पक्की बसायची, पण एक टोक बोटभर लांब राहायचं. लूमवर तो ते कात्रीने कापायचा. वेलीवर कापायची गरज नव्हती. त्यामुळे आमच्या जुईच्या अंगावर खालपासून वरपर्यंत बोटभर लांब पांढरी शेपटं होती. वारा आला की ती हलायची.

मार्गशीर्षात वहिनीसाठी स्थळ आलं. सुरतेजवळच्या पलसाण्याला एका शाळेत कारकून, मूळचा वाशीमकडचा, बायको आजारपणात गेलेली, घरात एक मोठी बहीण. वहिनीच्या माहेरी आता एक चुलता तेवढा उरला होता आणि 'तुम्ही ठरवाल ते' असं त्याने फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणजे ठरवायचं होतं आईने. आईने त्या माणसाला घरी बोलावून तासभर प्रश्न विचारले. तो गेल्यावर म्हणाली, "माणूस बरा हाय. चहा बशीत ओतून पितो, पण बरा हाय."

पौषात अशी बोलणी करत नाहीत. माघ लागला की होकार कळवायचा, असं ठरलं.

वहिनी चौतीस वर्षांची होती. मी तिला सरळ विचारलं, तुला काय वाटतं?

"मला तो माणूस आवडलाय, ताई," ती म्हणाली. "पण आत्याबाई मनापासून हो म्हणल्या तरच. त्यांना रडवून मी उंबरा ओलांडणार नाही."

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. या दोघींचं नातं मात्र सासूसुनेसारखं कधीच नव्हतं. भाऊ गेल्यापासून आईची औषधं, डोळ्यांत थेंब, न्हाणं, सगळं वहिनी बघायची.

जुई फुलल्याचं मला आधी घरात कळलं नाही, कचेरीत कळलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई मान वर करून म्हणाल्या, "जुईचा वास कुठून येतोय?" वास माझ्या ओढणीला होता. ओढणी आदल्या संध्याकाळी दारातल्या दोरीवर वाळत होती. मी म्हटलं, अत्तर असेल कुणाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर वेलीखाली दोन ढीग होते, एक गळलेल्या पिवळ्या पानांचा आणि एक फुलांचा. वहिनीने झाडून वेगवेगळे लावले होते. पानांचा ढीग मोठा होता.

मंगळवारी सुट्टीला संध्याकाळी घरी होते, तेव्हा नीट पाहिलं. वेलीवर पानं थोडीच उरली होती, आणि होती तीही कडेने पिवळी. फांद्याफांद्यांवर कळ्यांचे घोस होते. पावसाळ्यातही मी तिला इतकं लगडलेलं पाहिलं नव्हतं. दिवे लागायच्या वेळी कळ्या उमलल्या आणि वास घरात शिरला. चहाला तो वास आला, उशांना आला. खिडक्या लावून घेतल्या तरी आला. तासाभराने माझं डोकं जड झालं. आई मात्र दाराशी खुर्ची टाकून बसून होती, चेहरा वेलीकडे वळवून. तिच्या डोळ्यांना तेव्हा एवढंच दिसत असणार की तिथे काहीतरी पांढरं आहे.

सोसायटीत आणखी दोन घरी जुई आहे. मी दोन्ही घरी जाऊन बघून आले. दोन्ही वेली हिरव्यागार होत्या आणि एकीवरही कळी नव्हती.

उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सुरतेत घरात कुणी नसतं, सगळे गच्चीवर असतात. आमच्या गच्चीला लागून शेजारची गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत. शेजारचं कुटुंब सुरतीच. त्यांच्याकडून उंधियूच्या भाजीचं पातेलं भिंतीवरून आमच्याकडे आलं, आमच्याकडून तिळाच्या पोळ्या तिकडे गेल्या. स्पीकर लागले होते, कुणाचा पतंग कटला की पोरं "काइपो छे" म्हणून ओरडत होती. वेल गच्चीच्या कठड्यावरून वर आली होती आणि भर दुपारीही आदल्या दिवशीची फुलं तिच्यावर लोंबत होती.

शेजारच्या मासींनी एक फूल खुडून नाकाशी नेलं. "पोष महिनामां जूई? बेन, आ तो भाई आव्या छे." हे सगळं तुमचा भाऊ आल्यामुळे आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा नवरा फिरकी धरून उभा होता. तो म्हणाला, "भाई आव्या होय तो पेला पतंग चगावे ने! मारी जोडे शरत मारेली, हारीने गया छे." पैज हरून गेलाय, आला असेल तर आधी पतंग उडवेल. सगळे हसले. वहिनीही हसली. आई हसली नाही.

"तो आलाय," ती मराठीतच म्हणाली. "मला आठ दिवस झाले ठावं हाय."

मासींनी हात जोडले. नवऱ्याने पतंगाकडे पाहिलं.

"आई, काहीतरी बोलू नको," मी म्हटलं.

"मी कुठं बोलायले. तो बोलायलाय. नको म्हणायलाय तो." आणि मग वहिनीच्या दिशेने चेहरा करून, आवाज न चढवता म्हणाली, "पोरी, पलसाण्याला नाही म्हणून कळवू. त्याला सोसंना झालंय."

वहिनीच्या हातात पोळ्यांचं ताट होतं. ती "बरं" म्हणाली आणि ताट घेऊन जिन्याने खाली गेली. तिच्या पावलांत घाई नव्हती. स्वयंपाकघरात ताट ठेवल्याचा आवाज आला.

बातमीत 'चमत्कार' हा शब्द आला की आमच्या कचेरीत विचारतात, कोणी पाहिलं, किती वाजता, दुसरं काय कारण असू शकतं. सवयीने मी तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा शिडी लावली.

खालून चार फुटांवर मुख्य खोड अंगठ्याहून जाड होतं आणि तिथे ते विचित्र दिसत होतं. मध्ये एक खोल खाच, खाचेच्या वर खोड फुगून सुजल्यासारखं झालेलं, खाली बारीक. धागा दिसत नव्हता. फक्त खाचेतून एक बोटभर पांढरं शेपूट बाहेर आलेलं होतं. मी ते ओढलं. आलं नाही. धागा आत होता आणि त्याच्यावर लाकूड वाढलं होतं.

मग मी वर चढत गेले. प्रत्येक हातभर अंतरावर एक धागा, प्रत्येकाला तेच लांब शेपूट. गच्चीच्या कठड्यापर्यंत असे एकोणीस मोजले. कठड्याच्या वर वेल पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवर चढली होती. तिथे कोवळे हिरवे फुटवे होते आणि तेही बांधलेले होते. चौपदरी पॉलिस्टरचा धागा, तीच गाठ, बोटभर लांब शेपूट. सहा ठिकाणी.

टाकीचा तो स्टँड भाऊ गेल्यानंतर आठ महिन्यांनी बसवला होता. जुनी टाकी फुटली म्हणून मीच बसवून घेतला होता. त्याचं बिल माझ्या नावाचं आहे.

मी शिडीवरून उतरले. हातांना जुईचा वास लागला होता. साबणाने दोनदा धुतले तरी तो गेला नाही.

घरात आणखी कुणाचा हात वेलीला लागत नव्हता. आईला दिसत नाही. मला ती गाठ येत नाही. भावाने एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता आणि 'तुझ्यानं पेनच धरवतं' म्हणून सोडून दिला होता. आणि वहिनी लूमवर कधी गेलेली नव्हती. मी असं एकेक नाव काढून टाकत गेले आणि शेवटी कुणीच उरलं नाही. त्या दिवशी दुपारी कामावर निघताना दारातून बाहेर पडायचं माझ्या जिवावर आलं. दार वेलीखालीच होतं.

जाण्यापूर्वी मी आईला विचारलं, "तू म्हणालीस आठ दिवस झाले ठाऊक आहे. कशावरून?"

आई भाजी निवडत होती. बोटांनीच निवडायची. "तू शिडी कशाला लावलीस सकाळी?"

"तुला कसं कळलं?"

"लोखंड वाजलं. बघितलीस ना गाठ?"

मी पर्स खांद्याला लावली.

"गच्चीवर कपडे काढायला जाते तवा हात लागतो. नव्या कोंबाला बांधलंय त्यानं. माझ्या लेकाची गाठ मला बोटाला कळती. फुलाचं एक वेळ सोडून दे, फुलं काय, येतात. पण ही गाठ दुसऱ्या कुणाला येत नाही." तिने एक देठ मोडला. "म्हणून म्हणते, नको म्हणायलाय."

पुढचे तीन दिवस मी घरात कुणाशी या विषयावर बोलले नाही. रजा टाकून पलसाण्याच्या हमरस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. पिशवीत वरची एक वाळत चाललेली फांदी होती, आणि मोबाइलमध्ये खोडावरच्या खाचेचा फोटो. नर्सरीवाला बिहारकडचा, वयस्क. त्याने फांदी पाहिली नाही, फोटो पाहिला.

"ये किसने बाँधा?"

"घरवालों ने. कारखाने का धागा."

"वही. इधर सब यही करते हैं. लूम का धागा घर में पड़ा रहता है, तो बाँध देते हैं. सुतली होती तो सड़ जाती, पेड़ छूट जाता. ये छोड़ता नहीं."

मग त्याने समजावून सांगितलं. वेल जाड होत जाते, धागा ताणत नाही, तो सालीत रुततो. पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जायचं असतं, ते धाग्याशी अडतं. मुळं उपाशी राहतात. वर साठलेलं सगळं वेल फुलांना देऊन टाकते, मोसम असो नसो.

"मरने से पहले बहुत फूलता है," तो म्हणाला. "लोग खुश होते हैं."

वाचेल का, असं मी विचारलं. त्याने हाताने गुडघ्याची उंची दाखवली. धाग्याच्या खाली इथे कापा, फुटली तर फुटेल, उशीर बहुतेक झालाय.

म्हणजे फुलांचं कारण मिळालं. भावाने तीन-चार वर्षांपूर्वी, जिवंत असताना, काळजीने बांधलेला धागा तो गेल्यावरही दोन वर्षं आवळत होता आणि आता वेलीचा जीव घेत होता. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. परतीच्या बसमध्ये मला एकसारखा खाचेतून बाहेर आलेला तो पांढरा धागा दिसत राहिला. आणि टाकीच्या स्टँडवरच्या सहा गाठींचं उत्तर अजून मिळालं नव्हतं.

ते रविवारी मिळालं. भाऊ रविवारी बांधायचा, एवढ्याच धाग्यावर मी रविवारची रजा मागितली. कुणाला सांगितलं नाही. वरच्या खोलीत पुस्तक घेऊन पडून राहिले. ऊन उतरलं, मशिनींचा दूरचा आवाज पाळी बदलण्यापुरता थांबला आणि पुन्हा सुरू झाला. कळ्या उमलायला लागल्या होत्या हे वासावरून कळत होतं. तेवढ्यात गच्चीचं दार हळूच सरकवल्याचा आवाज आला. मी अनवाणी जिना चढले आणि दाराच्या फटीतून पाहिलं.

टाकीच्या स्टँडशी पाठमोरं कुणीतरी उभं होतं आणि एक कोंब बांधत होतं. संधिप्रकाशात मला आधी फक्त उजवा हात दिसला. अंगठा आणि मधलं बोट धाग्यावर काम करत होते. तर्जनी बाजूला, ताठ वर उचललेली होती, नसल्यासारखी. भावाचं खुंटलेलं बोट काम करताना नेमकं तसंच उभं राहायचं. माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा, कारण तो हात थांबला.

वहिनी वळली. "ताई? सुट्टी हाय होय?"

मी तिच्या हाताकडे पाहत होते. तिनेही पाहिलं. तर्जनी अजून वर होती.

"हे बोट असं का धरलंस?"

"कसं?" ती खरोखरच गोंधळली. "असंच धरतात ना. त्यांनी शिकवलं तसं." तिने बोट खाली आणून गाठ मारायचा प्रयत्न केला. जमेना. धागा सुटला. तिने पुन्हा बोट वर केलं आणि गाठ एका क्षणात बसली, लांब शेपटासकट. मग ती त्या गाठीकडे बघत राहिली. आपण काय शिकलो आहोत हे तिला तेव्हाच कळलं असं मला वाटतं. ती गच्चीच्या फरशीवर खाली बसली.

मीही बसले. वास इतका दाट होता की श्वास तोंडाने घ्यावा लागत होता.

"दर रविवारी बांधतेस?"

"त्यांचं काम राहायला नको म्हणून. तुम्ही कामावर असता, आत्याबाई पोथी ऐकत असतात. कुणाला सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"आई म्हणते ही दादाची गाठ आहे."

"ठावं हाय." तिने उरलेला धागा बोटाला गुंडाळला. "उतराणीला म्हणल्या तवाच कळलं मला, त्यांचा हात कशाला लागलाय ते. खाली जाऊन सांगणारच होते. मग म्हणलं, काय सांगू? की तुमचा लेक नाही आलेला, मी आहे? दुसऱ्याच्या घरी जायला निघालेली मी, आत्याबाईंच्या हातातून तेवढं पण काढून घेऊ?"

"आणि तुझं?"

"माझं राहू द्या."

"तुला तो माणूस आवडलाय म्हणालीस."

"हो," वहिनी म्हणाली. "म्हणून तर म्हणायले, राहू द्या. तुम्ही सांगू नका, ताई. शपथ हाय."

मी शपथ घेतली नाही. नर्सरीवाल्याने सांगितलेलं तिला सांगितलं, खालच्या खाचेचं, मरण्यापूर्वीच्या फुलांचं. ती ऐकत असताना तिचा हात स्टँडवरचे धागे एकेक करून सोडवत होता. गाठी सुटेनात. लूमची गाठ सुटण्यासाठी नसते. शेवटी तिने दातांनी तोडले.

सोमवारी सकाळी मी करवत घेतली. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर खोड कापलं. कापलेल्या जागी ते कोरडं होतं, फक्त अगदी गाभ्याशी थोडी ओल होती. वरची सगळी वेल फुलांसकट कठड्यावर लटकत राहिली. खाचेचा वीतभर तुकडा वेगळा कापून मी आईच्या हातात दिला. वहिनी मोरीवर भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"काय हे?"

"बघ हाताने."

आईने तुकडा मांडीवर घेतला. बोटं फुगलेल्या भागावर गेली, तिथून खाचेत उतरली, शेपटाशी थांबली. तिने शेपूट दोन बोटांत धरलं आणि लाकडाच्या आत ते कुठवर जातं ते चाचपत राहिली.

"ही त्याची," ती म्हणाली.

"ही त्याचीच. जिवंत होता तेव्हाची. कुजला नाही धागा, म्हणून आवळत गेला. वेल मरत होती, म्हणून फुलली. नर्सरीवाल्याला विचारून आले मी."

"आणि वरच्या?"

मोरीवरचं भांडं थांबलं.

"वरच्या वहिनीच्या आहेत. दादाने शिकवलं होतं तिला. बोट नसलेल्या माणसाने शिकवलं, म्हणून तीही ते बोट न लावता बांधते."

आईचा अंगठा खाचेतून फिरत होता. बाहेर कापलेल्या वेलीवरून एकेक फूल पायरीवर पडत होतं. मला वाटलं ती रडेल. मला असंही वाटलं की ती मला 'खोटं बोलतेस' म्हणेल, आणि तसं म्हणाली असती तर माझ्याकडे पुरावा होता.

"मग तो काय म्हणायलाय?" तिने विचारलं.

"तो काही म्हणत नाहीये, आई."

"काहीच नाही?"

"नाही."

आईने तुकडा जमिनीवर ठेवला. पदराने हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं. "म्हणजे मलाच म्हणावं लागंल," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "मला वाटलं होतं, त्यानंच नको म्हणलं, वाचले मी."

मग तिने फोन मागितला. पलसाण्याच्या त्या बहिणीचा नंबर लावून दे म्हणाली. मी आठवण केली की अजून पौष आहे, माघ लागायला सहा दिवस आहेत.

"असू दे. तू लाव."

मी नंबर लावून स्पीकर सुरू केला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडून बाईचा आवाज आला. आईने भेस्तानहून बोलते म्हणून सांगितलं.

"हां हां, नमस्कार. सासूबाई ना?"

"सासू नाही," आई म्हणाली. आवाज थोडा वर गेला होता, लांबच्या माणसाशी बोलावं तसा. "मी मुलीकडची बोलायले. आमचं हो आहे. पण दोन गोष्टी आधी बोलून घेते, मागनं कटकट नको. पहिली म्हणजे, आमची मुलगी दिवाळीला माहेरी येईल. दर वर्षी. तुमच्याकडं कुणी आजारी असलं तरी येईल."

पलीकडची बाई काहीतरी हसून बोलली. ते मला नीट कळलं नाही, कारण मोरीवर पाणी वाहत होतं. वहिनी हातात राखेचा काथ्या घेऊन उभी होती. तिने दुसऱ्या हाताने नळ बंद केला आणि आई दुसरी गोष्ट काय सांगते ते ऐकू लागली.